माउंट व्हर्ननची मळणी : एका ऐतिहासिक शेतवाडीचे ऋतुमान आणि लुप्त कर्ता

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात, पोटोमॅक नदीच्या काठी, जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांचा माउंट व्हर्नन हा वाडा आणि त्याच्या शेतवाडीचा उरलेला भाग आहे. १८६० पासून हे स्थळ एका खाजगी संस्थेच्या ताब्यात असून प्रेक्षकांस खुले आहे. येथे येणाऱ्यास केवळ दालने, पलंग आणि तसबिरी दाखविल्या जात नाहीत. ऋतूप्रमाणे चालणारी कामेही दाखविली जातात. वसंतात मेंढ्यांची लोकर उतरवितात, शरदात घोड्यांच्या पायांखाली गव्हाची मळणी होते, नाताळात मेणबत्त्यांच्या उजेडात वाडा पाहता येतो, आणि २२ फेब्रुवारीच्या सुमारास वॉशिंग्टन ह्यांचा जन्मदिन साजरा होतो. वरवर पाहता हा सहलीचा कार्यक्रम आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने त्याची दखल घ्यावी असे त्यात काही नाही असे वाटण्याचा संभव आहे. परंतु हे कार्यक्रम ज्या दिनमानावर उभे आहेत ते मुळात सहलीचे दिनमान नव्हते. ते श्रमाचे दिनमान होते, आणि ते श्रम करणारी बहुतेक माणसे गुलाम होती. श्रमाचे प्रेक्षणीय वस्तूत रूपांतर होताना श्रम करणाऱ्याचे काय होते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात घेतला आहे. लेखकाचा विषय भाषाशास्त्र असल्यामुळे त्याने ह्या प्रश्नाकडे काहीसे व्याकरणाच्या अंगाने पाहिले तर वाचकांनी ते समजून घ्यावे.

माउंट व्हर्ननला पाहुणे नवे नाहीत. क्रांतियुद्धानंतर, १७८३ च्या अखेरीस, वॉशिंग्टन घरी परतले तेव्हापासून ओळखीचे आणि अनोळखी अशा पाहुण्यांची रीघ लागली. ३० जून १७८५ च्या दैनंदिनीत त्यांनी अशी नोंद केली आहे, की आज आपण व पत्नी असे दोघेच जेवलो, आणि निवृत्तीनंतरचा असा हा बहुधा पहिलाच प्रसंग होय. अवघ्या दीड वर्षात पाहुण्यांवाचून झालेले हे एक जेवण. ते रांधले कोणी, वाढले कोणी, हे दैनंदिनीत नाही. अठराव्या शतकातील जमीनदाराच्या दैनंदिनीत ते असावे अशी अपेक्षाही नाही.

वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारले, आणि पुढे वाडा त्यांचे पुतणे बुशरॉड वॉशिंग्टन ह्यांच्याकडे आला. हे गृहस्थ अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. समाधी पाहण्याच्या निमित्ताने आगबोटींतून मंडळ्या येऊ लागल्या, आवारात खाणेपिणे आणि नाच होऊ लागले, तेव्हा १८२२ मध्ये त्यांनी वृत्तपत्रातून सूचना देऊन असल्या मेळाव्यांना बंदी केली. स्थळाच्या पावित्र्याविषयीच्या ह्या हळवेपणाचा उल्लेख माउंट व्हर्ननच्या इतिहासात नेहमी येतो. त्याच्या आदल्याच वर्षी, १८२१ मध्ये, ह्याच न्यायाधीशांनी येथील ५४ गुलाम लुईझिआनाकडे विकले. ह्या दोन घटना एका वाक्यात क्वचितच सांगितल्या जातात. त्या एकाच वाक्यात सांगितल्या पाहिजेत असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येईल. शतकाच्या मध्यापर्यंत वाडा मोडकळीस आला. साउथ कॅरोलायनाच्या ॲन पामेला कनिंगहॅम ह्यांनी १८५३ मध्ये स्त्रियांची एक संस्था उभी करण्यास आरंभ केला, २,००,००० डॉलर जमविले, १८५८ मध्ये खरेदीचा करार झाला आणि १८६० मध्ये संस्थेने ताबा घेतला. ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी अमेरिकेत झालेला हा एक आद्य संघटित प्रयत्न होय. मात्र संस्थेच्या हाती आला तो वाडा आणि लगतची जमीन. वॉशिंग्टन ह्यांच्या हयातीत सुमारे ८,००० एकरांवर पसरलेली पाच शेते केव्हाच वाटली, विकली गेली होती. त्यामुळे कित्येक पिढ्यांच्या प्रेक्षकांनी माउंट व्हर्नन पाहिले ते शेतावाचूनचे. नदीकडे तोंड केलेला पांढरा वाडा, बाग आणि समाधी एवढेच त्यांच्या दृष्टीस पडले. शेती दाखवावी हा विचार प्रत्यक्षात आला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि त्याचे केंद्र ठरले एक सोळा बाजूंचे कोठार.

ह्या कोठाराचा इतिहास विस्ताराने सांगण्याजोगा आहे. तंबाखूने जमिनीचा कस जातो आणि विलायतेतील व्यापाऱ्यांचे कर्ज वाढते, हे ध्यानात आल्यावर वॉशिंग्टन १७६० नंतरच्या दशकात गव्हाकडे वळले. गव्हाबरोबर मळणीचा प्रश्न आला. गहू दोन प्रकारांनी मळला जाई. एक, वादीने जोडलेल्या दोन दांडक्यांनी झोडपून. दुसरा, उघड्या जागेवर पेंढ्या पसरून त्यांवर घोडे फिरवून. पहिल्या प्रकारात मेहनत फार. दुसऱ्यात धान्यात माती मिसळते, पावसाने नासाडी होते आणि, मालकाच्या दृष्टीने पाहिल्यास, धान्य उघड्यावर पडल्यामुळे चोरीस जाते. आपल्याकडील वाचकाला दुसरा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. खळे, मधोमध रोवलेला तिवडा, त्याभोवती फिरणारी बैलांची पात, मागाहून वाऱ्यावर उपणणी आणि शेवटी रास, हे सर्व त्याच्या परिचयाचे आहे. बैलांच्या जागी घोडे कल्पिले की झाले. आपले 'मळणे' हे क्रियापद संस्कृतातील 'मृद्' धातूशी, म्हणजे चुरडण्या-तुडविण्याशी, निगडित आहे. इंग्रजीतील 'थ्रेश' ह्या क्रियापदाचा मूळ अर्थही पायांनी तुडविणे असाच असावा, असे जर्मानिक भाषांचे अभ्यासक मानतात. झोडपण्याचा अर्थ त्यास मागाहून चिकटला. वॉशिंग्टन ह्यांच्या काळापर्यंत मात्र तुडविणे आणि झोडपणे ह्यांसाठी दोन वेगळी क्रियापदे रूढ झाली होती, आणि ह्या दोन क्रियापदांतील भांडण त्यांच्या पत्रव्यवहारात स्पष्ट दिसते.

आपल्या एका शेतावर त्यांनी गहू छताखाली झोडपता यावा म्हणून उत्तम कोठार बांधविले होते; त्यात तीस माणसे एका वेळी सुखाने काम करू शकत. परंतु १७९३ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या कामातून सवड काढून ते घरी आले तेव्हा त्यांना दिसले, की कोठाराच्या दारापासून तीस फुटांच्या आतच उघड्यावर खळे केलेले असून तेथे घोड्यांकडून गहू तुडविला जात आहे. ही गोष्ट त्यांनी एका पत्रात मोठ्या उद्वेगाने लिहिली आहे, आणि त्यांचा रोख देखरेख करणाऱ्यांच्या अडाणीपणावर आहे. परंतु ज्यांच्या हातात ते दांडके होते त्यांच्या बाजूने ह्या प्रसंगाकडे पाहिल्यास तो अडाणीपणा वाटत नाही. दिवसभर दांडके चालवायचे की घोडे हाकायचे, हा निवड करण्याजोगा प्रश्न होता. आणि मालक फिलाडेल्फियास असताना तो प्रश्न कोणीतरी आपल्या सोयीने सोडविला होता.

सोळा बाजूंचे कोठार हे ह्या प्रश्नाला मालकाने दिलेले उत्तर. राष्ट्राध्यक्ष असतानाच, १७९२ मध्ये, त्यांनी त्याचा आराखडा स्वतः काढून आपल्या कारभाऱ्याकडे धाडला. कोठार दुमजली आणि जवळजवळ वर्तुळाकार. उतरणीवरून घोडे वरच्या मजल्यावर न्यायचे आणि तेथे पसरलेल्या गव्हावर गोल दौडवायचे. तळाच्या फळ्यांमध्ये सुमारे दीड इंचाच्या फटी ठेवलेल्या. दाणा सुटला की फटीतून खालच्या मजल्यावर पडतो आणि पेंढा वर राहतो. घोड्यांची दौड थांबवावी लागत नाही, पावसाचे भय नाही, धान्यात माती नाही. खालचा मजला कुलूपबंद. विटांचा हिशेब वॉशिंग्टन ह्यांनी स्वतः करून तो आकडा ३०,८२० असा काढला होता. ही वास्तू बुद्धिमत्तेची साक्ष आहे ह्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु तिचे खालचे कुलूप हाही रचनेचाच भाग आहे. धान्य मळणाऱ्याच्या हातून सुटताच ते त्याच्या हाताबाहेर जावे, अशी ही योजना आहे.

मूळ कोठार एकोणिसाव्या शतकात नाहीसे झाले. वॉशिंग्टन ह्यांच्या हातचा आराखडा आणि १८७० च्या सुमाराचे एक छायाचित्र ह्यांच्या आधारे त्याची प्रतिकृती १९९६ मध्ये पुरी झाली. ती मूळ जागी, म्हणजे डोग रन नावाच्या शेतावर नाही. प्रेक्षकांना सोयीचे व्हावे म्हणून नदीकाठी आहे. शरद ऋतूत तेथे मळणीचे प्रात्यक्षिक होते. घोडे काही फेऱ्या मारतात, दाणे फटीतून खाली पडतात, मुले खाली जाऊन ते पाहतात. तंत्र उत्तम समजते. परंतु ज्या कामाला त्या काळी आठवड्यांमागून आठवडे लागत ते येथे काही मिनिटांत आटोपते, आणि काळ वगळला की श्रम दिसेनासे होतात. मागे उरते ते केवळ यंत्र.

येथेच व्याकरणाचा प्रश्न उपस्थित होतो. 'वॉशिंग्टन ह्यांनी कोठार बांधले' हे वाक्य शुद्ध आहे. 'येथे गहू मळला जाई' हेही शुद्ध आहे. पहिल्या वाक्यात कर्ता आहे, पण तो खरा कर्ता नव्हे. दुसऱ्यात कर्ताच नाही. मराठीला पहिल्या वाक्यातील दोष एका अक्षराने दूर करता येतो: 'बांधले' ह्याच्या जागी 'बांधविले' असे प्रयोजक रूप योजले की बांधणारा वेगळा आणि बांधविणारा वेगळा हे आपोआप सूचित होते. परंतु आपणही ते अक्षर सहसा खर्ची घालीत नाही. शाहजहानने ताजमहाल बांधला, असेच आपली क्रमिक पुस्तके सांगतात. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजीचे नाव कोरलेले आहे म्हणून निदान तेथे तरी आपल्याला थबकावे लागते.

माउंट व्हर्ननच्या बाबतीत कर्ता सांगता येत नाही अशी सबब नाही, कारण साधने विपुल आहेत. ती तीन प्रकारची आहेत आणि त्या तिन्हींत माणूस निरनिराळ्या रीतीने येतो. पत्रांत तो तक्रारीच्या रूपाने येतो. कारभाऱ्यांनी दर आठवड्यास पाठविलेल्या कामाच्या अहवालांत तो अंकांच्या रूपाने येतो: अमुक शेतावर नांगरणीस इतके दिवस, कुंपणास इतके, आजारात इतके, जमाखर्चाच्या वहीसारखी ही मांडणी आहे. आणि तिसरे साधन म्हणजे याद्या. १७९९ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टन ह्यांनी पाचही शेतांवरील गुलामांची यादी केली. तीत ३१७ माणसे आहेत. त्यांतील १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीची, १५३ पत्नी मार्था ह्यांच्या पहिल्या पतीच्या मिळकतीपैकी, आणि उरलेली दुसऱ्यांकडून भाड्याने घेतलेली. यादीत नावे आहेत, कामे आहेत, बऱ्याच ठिकाणी नवरा किंवा बायको कोठे असते तेही आहे. आयझॅक हा सुतार, टॉम डेव्हिस आणि मक्लस हे गवंडी. पिठाच्या गिरणीजवळच्या मद्याच्या भट्टीत हॅन्सन, पीटर, नॅट, डॅनियल, जेम्स आणि टिमोथी हे सहा गुलाम काम करीत. १७९९ मध्ये ह्या भट्टीतून सुमारे ११,००० गॅलन व्हिस्की निघाली. भट्टीची प्रतिकृती २००७ मध्ये खुली झाली आणि तेथे आता पुन्हा व्हिस्की गाळली जाते.

हंगामी कार्यक्रमांकडे पुन्हा वळू. शरदातील उत्सवाला सुगीचे नाव दिलेले असते. वस्तुतः व्हर्जिनियात गव्हाची कापणी जून-जुलैत होते; शरदात होते ती मळणी, आणि पुढच्या गव्हाची पेरणी. हा घोटाळा प्रेक्षकांच्या सोयीमुळे झाला आहे हे उघड आहे, पण शब्दाच्या इतिहासात त्याला एक गमतीचा आधार सापडतो. 'हार्वेस्ट' हा शब्द जुन्या इंग्रजीत शरद ऋतूचाच वाचक होता. त्याचा जर्मन सोदर 'हेर्प्स्ट' आजही शरदाचाच वाचक आहे. काळाचे नाव कामाला मिळाले आणि मग काळासाठी दुसरा शब्द आला. आपल्या 'सुगी'त, जिचा कन्नड 'सुग्गी'शी संबंध आहे, काळ, काम आणि सुबत्ता हे तिन्ही अर्थ अजून एकत्र नांदतात. सुबत्ता कोणाची, हे मात्र दोन्ही शब्द सांगत नाहीत. कापणीच्या दिवसांत माउंट व्हर्ननच्या गुलामांचा दिवस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत असे. त्यांच्या शिध्यात मुख्यतः मक्याचे पीठ आणि खारवलेली मासळी असे. गहू पिकविला जाई तो विकण्यासाठी.

ती मासळीही त्यांनीच धरलेली असे. दर वसंतात पोटोमॅकमध्ये हेरिंग आणि शॅड ह्या माशांच्या झुंडी समुद्रातून वर चढत, आणि काही आठवडे शेतावरची माणसे नदीवर आणून मोठी जाळी ओढविली जात. १७७२ च्या हंगामात दहा लाखांहून अधिक हेरिंग सापडले. थंड पाण्यात उभे राहून रात्रंदिवस करण्याचे हे काम वर्षातील सर्वांत जिकिरीच्या कामांपैकी एक असले पाहिजे. लोकर उतरविणे आणि घोड्यांची दौड ही प्रेक्षणीय आहेत. ओल्या जाळ्यात हजारो मासे ओढणे, ते चिरणे आणि खारविणे हे सहलीच्या दिवशी दाखविण्याजोगे नाही. कोणते काम 'कार्यक्रम' होऊ शकते आणि कोणते होऊ शकत नाही, ह्याची निवड इतिहासाच्या महत्त्वावरून होत नसून दृश्याच्या रम्यतेवरून होते.

नाताळाची गोष्ट निराळी, कारण तो मुळातच सुटीचा काळ होता. गुलामांना बहुधा तीन-चार दिवस काम नसे. अनेकांचे नवरे किंवा बायका दुसऱ्या शेतावर असल्यामुळे एरवी रविवारीच जी भेट होई ती ह्या दिवसांत थोडी लांबे. स्वतंत्र नोकरांचा नाताळ कसा असे हे एका मजेदार कागदावरून कळते. १७८७ च्या एप्रिलमध्ये फिलिप बेटर नावाच्या माळ्याशी झालेल्या करारात त्याला नाताळात चार डॉलर देण्याचे कलम असून, त्या पैशांनी त्याने चार दिवस आणि चार रात्री नशेत असावे अशी रीतसर मुभा दिली आहे; वर्षाचे बाकीचे दिवस, ईस्टरसारखे आणखी एक-दोन अपवाद सोडून, त्याने शुद्धीवर राहावयाचे. त्याच वर्षीच्या नाताळात एक मनुष्य घरी उंट दाखविण्यास घेऊन आला आणि वॉशिंग्टन ह्यांनी त्याला अठरा शिलिंग दिले. हिशेबाच्या वहीतील ह्या एका ओळीच्या बळावर अलीकडच्या काळात नाताळात माउंट व्हर्ननवर उंट आणण्याची प्रथा पडली आहे, आणि मुलांमध्ये तो अलादीन ह्या नावाने अत्यंत लोकप्रिय आहे. वहीतील एका ओळीतून एक उत्सव उभा राहू शकतो हे ह्यावरून सिद्ध होते. तेव्हा ज्यांच्याविषयी शेकडो ओळी उपलब्ध आहेत त्यांच्याबाबत साधनांच्या अभावाची तक्रार करता येणार नाही.

अशीच एक ओळ २२ फेब्रुवारीची आहे. हर्क्युलिस हा वॉशिंग्टन ह्यांचा स्वयंपाकी, फिलाडेल्फियात त्याच्या हातच्या जेवणाची मोठी ख्याती होती. १७९६ च्या अखेरीस तो माउंट व्हर्ननवरच ठेवला गेला, आणि पुढच्या आठवड्यांच्या अहवालांत तो माती खणणे, दगड फोडणे अशा कामांवर दिसतो. १७९७ च्या फेब्रुवारीतील अहवालात तो पळून गेल्याची नोंद आहे. दिवस २२ फेब्रुवारीचा: वॉशिंग्टन ह्यांच्या पासष्टाव्या वाढदिवसाचा. फार काळ हर्क्युलिस फिलाडेल्फियातून पळाला असा समज होता. अंकांनी भरलेल्या त्या रुक्ष अहवालांच्या वाचनातून खरी तारीख आणि खरे ठिकाण एकविसाव्या शतकात पुढे आले. जन्मदिनाच्या सोहळ्यास जमणाऱ्या प्रेक्षकांना ह्या दिवसाचा दुसरा अर्थही सांगता येण्याजोगा आहे.

संस्थेच्या भाषेत बदल झालेला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गुलामांच्या दफनभूमीवर १९२९ मध्ये बसविलेल्या शिळेवर मृतांचा उल्लेख वॉशिंग्टन घराण्याचे एकनिष्ठ कृष्णवर्णीय सेवक असा आहे. 'गुलाम' हा शब्द नाही. १९८३ मध्ये शेजारी उभारलेल्या स्मारकावर, हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ज्याची रचना केली, तो शब्द आला. २०१६ मध्ये उघडलेल्या प्रदर्शनात १९ व्यक्तींची चरित्रे नावानिशी मांडली गेली, आणि आता तेथील लेखनात 'गुलाम' ह्या नामापेक्षा 'गुलाम केलेली माणसे' अशा अर्थाचे कृदंत वापरले जाते. काहींना हा शब्दच्छल वाटतो. परंतु नाम हे स्थिती सांगते आणि कृदंत क्रिया सांगते. क्रिया म्हटली की ती करणारा कोण हा प्रश्न टाळता येत नाही. मराठीत मात्र 'गुलाम केलेला' हा प्रयोग बोजड होतो, आणि प्रस्तुत लेखातही तो सर्वत्र पाळता आलेला नाही.

वॉशिंग्टन ह्यांच्या मृत्युपत्राप्रमाणे त्यांच्या मालकीचे १२३ गुलाम मुक्त व्हावयाचे होते, आणि मार्था ह्यांनी त्यांना १ जानेवारी १८०१ रोजी मुक्त केले. उरलेल्या १५३ जणांवर तिचाही अधिकार नव्हता. ते वारसांत वाटले गेले, आणि कित्येक कुटुंबांची फाटाफूट झाली. मुक्त झालेल्यांपैकी काही जण आसपासच स्थायिक झाले. १८३५ च्या नोव्हेंबरात अलेक्झांड्रियाच्या वृत्तपत्राने एक बातमी दिली. वॉशिंग्टन ह्यांच्या नव्या समाधीभोवतालची जमीन सपाट करून तेथे हिरवळ लावण्याचे काम अकरा कृष्णवर्णीय पुरुष करीत होते. ते त्यांचे पूर्वीचे गुलाम आणि त्यांची मुले असून, आपण होऊन आले होते. ते का आले ह्याचे वृत्तपत्राने केलेले स्पष्टीकरण कृतज्ञतेच्या उमाळ्याने ओथंबलेले आहे, आणि ते स्पष्टीकरण वृत्तपत्राचे आहे एवढेच म्हणता येईल. परंतु बातमीदाराने एक गोष्ट केली: अकराही जणांची नावे दिली. त्यांत सॅम्बो अँडरसन आहे, त्याचा मुलगा विल्यम आहे, जोसेफ स्मिथ आहे, डिक आणि मॉरिस जॅस्पर आहेत. आणि ह्या सर्वांचे जेवण रांधण्यासाठी नॅन्सी स्क्वांडर नावाची स्त्री बरोबर आली होती, हेही त्याने लिहून ठेविले आहे.